गायक नाही, तरी गाणीच: 'ब्लो बाय ब्लो' अजून का वाजतो

तू लिहिलंयस, "सर, जुने गिटारवाले भेटले की हमखास जेफ बेक या इंग्लिश गिटारिस्टचा 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम ऐक म्हणतात. मी तीनदा ऐकला. चांगला आहे, पण एवढं काय? गायक नाही, आणि वेगाचं म्हणाल तर आज क्लासमधली पोरं याच्या दुप्पट वाजवतात. मग पन्नास वर्षं लोक याच्याच मागे का?"

आधी एक उलटा प्रश्न. तीनदा ऐकलास तो कशावर? मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला असशील तर अजून एकदाही ऐकलेला नाहीस असं समज. या अल्बममधलं निम्मं काम बास आणि कीबोर्डने केलंय आणि मोबाइलला ते ऐकूच येत नाही. बरा हेडफोन घे, मग पुढचं वाच.

मलाही हा अल्बम पहिल्या फटक्यात कळला नव्हता. मित्राचा थोरला भाऊ बोटीवर होता. त्याने बाहेरून आणलेल्या रेकॉर्डवरून मित्राने मला कॅसेट भरून दिली. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. अल्बम साडेचव्वेचाळीस मिनिटांचा, त्यामुळे दोन्ही बाजू एकीवरच मावल्या आणि शेवटी अर्ध्या मिनिटाची नुसती सूं सूं. दुसऱ्या बाजूला त्याच्या वडिलांनी रेडिओवरून घेतलेले वसंतराव देशपांडे होते. टेपरेकॉर्डर आपोआप बाजू बदलणारा, त्यामुळे बेक संपला की सूं सूं, खट्ट, आणि वसंतराव. वर्षभर मी हे दोघं असे पाठोपाठ ऐकले. माझ्या डोक्यात बेक गिटारिस्टांच्या रांगेत न बसता गवयांच्या रांगेत जाऊन बसला तो बहुधा त्यामुळेच, आणि तो तिथेच बसायला हवा असं मला आजही वाटतं. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे: हा अल्बम टिकला कारण यात गिटार गाते आणि बाकीचे सगळे तिला साथ करायला बसलेत. आता हे नुसतं म्हणून भागत नाही, कसं ते दाखवायला हवं.

थोडी पार्श्वभूमी. बेक हा कायम गायकांच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. यार्डबर्ड्स, मग त्याचा स्वतःचा ग्रुप, ज्यात रॉड स्ट्युअर्ट गायचा, मग टिम बोगर्ट आणि कार्माइन अपिसबरोबरचं त्रिकूट. १९७४मध्ये तेही मोडलं. त्याच सुमारास त्याच्या कानात दोन गोष्टी घोळत होत्या. एक ड्रमर बिली कॉबमचा १९७३चा अल्बम 'स्पेक्ट्रम' आणि दुसरी गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिनचा बँड, महाविष्णू ऑर्केस्ट्रा. रॉकचा जोर आणि जॅझची समज एकत्र नांदू शकते, आणि मधे कोणी गायलं नाही तरी चालतं, हे त्याला तिथे दिसलं. महाविष्णूचा 'अपोकॅलिप्स' हा अल्बम लंडनच्या एअर स्टुडिओत जॉर्ज मार्टिनने केला होता. हो, बीटल्सचा निर्माता मार्टिनच. बेक त्याच्याकडे गेला. १९७४च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्ड सर्कसच्या त्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, १९७५च्या मार्चमध्ये अल्बम आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचला. एकही ओळ न गाता! पुढे प्लॅटिनमही झाला. तेव्हा हा फक्त गिटारवाल्यांनी उचलून धरलेला अल्बम आहे हा तुझा समज आधी काढून टाक. गिटार हातात न धरलेल्या माणसांनीच तो विकत घेतला.

आता दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लाव, 'कॉज वुइव्ह एन्डेड अ‍ॅज लव्हर्स'.

हे गाणं मुळात स्टीव्ही वंडरचं. त्याने ते गायिका सिरीटासाठी केलं आणि १९७४मध्ये तिच्या आवाजात ते आलं. दोघांचं लग्न होऊन घटस्फोटही झाला होता, आणि गाण्याचा विषय तोच: प्रेमिक म्हणून संपलो, पुढे काय. तू आधी सिरीटाचं ऐक. दोन-चार वेळा ऐक, शब्द पाठ होऊ देत. मग बेकचं लाव आणि मनातल्या मनात शब्द म्हणत राहा. कुठे श्वास घ्यायचा, कुठलं अक्षर लांबवायचं, कुठे आवाज जरा फाटू द्यायचा, हे तो सगळं वाजवतो. शब्द काढून टाकलेत, पण उच्चार जिथल्या तिथे आहेत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हार्मोनियमवर गाण्याची चाल वाजते ना, तिथे चाल असते आणि उच्चार नसतो. फरक तेवढाच आहे, आणि तो भरून काढायला आयुष्य जातं.

पहिल्या काही सेकंदांत तो काय करतो ते नीट बघ. सूर सुरू होताना 'टण्ण' असा आघात ऐकू येत नाही. सूर कुठून तरी उगवतो, फुगतो आणि जातो, सारंगीवर गज फिरवावा तसा. कुठलंही यंत्र नाही यात. डावा हात तार दाबतो. उजव्या हातात प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची पट्टी, आणि त्याच हाताची करंगळी गिटारच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर. नॉब शून्यावर ठेवून तार छेडायची, आघात मुक्याने होऊन जाऊ द्यायचा आणि लगेच करंगळीने नॉब उघडायचा. ऐकायला सोपं आहे. करून बघ. नॉब लवकर उघडला तर आघात ऐकू येतो, उशीर झाला तर सूर मरून गेलेला असतो. मधली फट पाव सेकंदाचीही नाही.

त्याच्यावर आणखी एक पदर. काही ठिकाणी तो तार आधीच ओढून ठेवतो, नॉब बंद असताना, म्हणजे त्याला स्वतःलाही ऐकू येत नसताना. मग नॉब उघडतो, तेव्हा ओढलेला सूर थेट नेमक्या जागी प्रकटतो आणि तिथून हळू खाली उतरतो. तार किती ओढली हे कानाने तपासायची सोय नाही, बोटालाच ते ठाऊक असावं लागतं. सतारवाल्यांना यात नवल वाटणार नाही, उतरती मींड ते अशीच तार आधी ओढून घेतात. पण गिटारवर, बंद नॉबमागे, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला असताना?

अल्बमवर हे गाणं रॉय ब्युकॅननला अर्पण केलंय, स्टीव्हीच्या आभारांसकट. ब्युकॅनन हा फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारवर नॉबची ही करामत करणारा मोठा वाजवय्या. बेकनेही इथे टेलिकास्टरच धरली, पण ती सरळ नव्हती. सेमोर डंकन तेव्हा लंडनमध्ये गिटारी दुरुस्त करायचा. त्याने एका मोडक्या टेलिकास्टरच्या अंगात गिब्सन कंपनीचे जुने जाडजूड हम्बकर पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबक) बसवले, आणि बेकला ती देऊन बदल्यात त्याची यार्डबर्ड्सच्या दिवसांतली एस्क्वायर गिटार घेतली. या जुगाडाला पुढे 'टेली-गिब' नाव पडलं. फेंडरची तरतरी आणि गिब्सनचा भरदारपणा एका लाकडात. या गिटारला हेलकावे द्यायची ट्रेमोलोची दांडी नाही, त्यामुळे गाण्यातला प्रत्येक कंप आणि प्रत्येक घसरण डाव्या बोटांची आहे. मुखपृष्ठावरच्या चित्रात त्याच्या हातात दिसते ती वेगळी, गडद तपकिरी रंगाची १९५४ची गिब्सन लेस पॉल. ती २०२५च्या जानेवारीत लंडनच्या क्रिस्टीजमध्ये दहा लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. लोक काय काय विकत घेतात! करंगळी मात्र लिलावात नव्हती.

माझीही फजिती सांगून टाकतो. ऑर्केस्ट्रात वाजवत होतो तेव्हाची गोष्ट. एका हळव्या गाण्याच्या मध्यंतरात मी हा नॉबचा प्रकार घुसवायचं ठरवलं, कोणालाही न विचारता. घरी पंधरा दिवस घासलं होतं. पण माझ्या गिटारचा व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरणारा भाग, जुना, आत धूळ बसलेली. नाट्यगृहात पिन पडली तर ऐकू येईल अशी शांतता, मी करंगळी फिरवली आणि स्पीकरमधून 'खर्रर्र'. सूर नंतर आला, आधी सगळ्या नाट्यगृहाने माझा नॉब ऐकला. गायिका मागे वळून बघायला लागली. ढोलकीवाल्याने कार्यक्रमाच्या मध्यंतरात विचारलं, "काय रे, कोंबडी सोडलीस का?"

बेकच्या मागे कोण बसलंय ते आता ऐक. कीबोर्डवर मॅक्स मिडल्टन, बासवर फिल चेन, ड्रम्सवर रिचर्ड बेली. चेन जमैकाचा, बेली त्रिनिदादचा आणि तेव्हा विशीच्या आतला. ही कॅरिबियन जोडी महत्त्वाची आहे. त्या काळातल्या जॅझ-रॉकचा मोठा रोग म्हणजे सगळ्यांनीच एकदम आपली विद्वत्ता दाखवायची. तालमीतल्या पहिलवानांसारखे दंड ठोकत सगळे आखाड्यात. इथे तसं नाही. 'यू नो व्हॉट आय मीन'मध्ये बेली आणि चेन जो ठेका धरतात त्यावर पाय हलतो. लोक हलू शकतात म्हणून ऐकतात, हे गुणीजनांना कबूल करायला जड जातं. बेलीचा उजवा हात झांजेवर बारीक काहीतरी बोलत असतो, सतत, पण कधी मोठ्याने नाही. आपल्याकडे चांगला तबलजी ठेका भरतो तसा. समेवर धाडकन आपटत नाही, आत भरत जातो.

आणि मिडल्टन. माझ्या मते अल्बमचा दुसरा नायक हाच, आणि याचं नाव कोणी घेत नाही. जॅझचे स्वरसमूह बेकला दाखवले ते प्रामुख्याने त्याने. 'फ्रीवे जॅम' त्याचंच. 'लव्हर्स'मध्ये बेकचा एक सूर हवेत लटकलेला असताना खालचा कॉर्ड बदलतो आणि तोच सूर अचानक वेगळ्या अर्थाचा वाटायला लागतो. ती जादू गिटारची नाही, मिडल्टनच्या इलेक्ट्रिक पियानोची आहे. पुढच्या वेळी ऐकताना गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष कर आणि फक्त पियानो ऐक. बेक थांबला की तो दोन थेंब टाकतो, बेक सुरू झाला की हात उचलतो. संवादिनीवाल्याने गवयाची साथ कशी करावी याचा पाठच आहे हा.

मोजायची हौस असेल तर 'स्कॅटरब्रेन' नऊच्या हिशोबात आणि 'डायमंड डस्ट' पाचच्या हिशोबात आहे. झपताल हातावर धरता येत असेल तर 'डायमंड डस्ट'ला घाबरायचं कारण नाही. दहाचा अर्धा धर आणि चालू लाग. पण गंमत बघ, ही गाणी आवडणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना ती चारात नाहीत हे माहीतही नसतं. हिशोब जमिनीखाली पुरलाय. विषम ताल वाजवून तो श्रोत्याला घाम फोडत नाही.

या दोन गाण्यांत व्हायोलिनचा ताफा येतो तो मार्टिनचा. त्या काळी रॉक गिटारमागे व्हायोलिनं म्हणजे सहसा साखरेचा पाक असायचा. 'स्कॅटरब्रेन'मध्ये मात्र ती बेकच्या धावण्याला वरून ताणून धरतात, आणि 'डायमंड डस्ट'मध्ये शेवटी धुकं पसरावं तशी विरत जातात. माझ्या कॅसेटवर त्या धुक्यातूनच टेपची सूं सूं सुरू व्हायची. बरेच महिने मला तीही अल्बमचाच भाग वाटायची.

मार्टिनचं खरं काम मात्र वेगळं होतं. त्याने बेकला थांबवलं. बेक कधीच समाधानी नसायचा. काल वाजवलेला सोलो आज त्याला फेकून द्यावासा वाटायचा. एक किस्सा प्रसिद्ध आहे: एका सोलोबद्दल त्याला रुखरुख लागून राहिली, तो पुन्हा वाजवतो म्हणून त्याने मार्टिनला फोन केला, आणि मार्टिनने सांगितलं की बाबा रे, रेकॉर्ड दुकानात लागलीय! असा माणूस एकटा सोडला असता तर अल्बम झालाच नसता, किंवा झाला असता तर घासून घासून गुळगुळीत झाला असता. कुठला टेक राखायचा हे ठरवणारा दुसरा कान शेजारी होता. आज तू घरच्या लॅपटॉपवर एकाच सोलोचे चाळीस टेक घेतोस आणि एक्केचाळिसावा घ्यायला निघतोस, तेव्हा तुला कमी पडतो तो हा दुसरा कान. प्लगइन कमी पडत नाहीत.

सगळंच सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही. 'कॉन्स्टिपेटेड डक' मला भरणीचं वाटतं, नावासकट. 'शीज अ वुमन' हे बीटल्सचं गाणं, त्यात बेक टॉक बॉक्स वापरतो. म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज प्लॅस्टिकच्या नळीने तोंडात घ्यायचा आणि तोंडाच्या आकारांनी त्याला बोलतं करायचं. पीटर फ्रॅम्प्टनने ते यंत्र घरोघरी पोचवलं ते नंतर, १९७६मध्ये. मजा येते ऐकायला, पण मला वाटतं ज्याची गिटार नळीशिवायच बोलते त्याने नळी कशाला तोंडात धरावी? 'थेलोनिअस' हे स्टीव्हीचं दुसरं गाणं. त्यात क्लॅव्हिनेट हा कीबोर्ड स्टीव्हीने स्वतः वाजवलंय, श्रेयात नाव न घालता. तो ठेका ऐकून मात्र माझी तक्रार विरघळते.

वेगाबद्दल. पुढच्याच वर्षी, १९७६मध्ये, बेकने 'वायर्ड' केला. कीबोर्डवाला यान हॅमर आला, सगळं जास्त चकचकीत, जास्त वेगवान. वाजवणाऱ्यांना तो जास्त आवडतो, मलाही एकेकाळी आवडायचा. आता घरात कोणी पाहुणा आला असताना मी 'वायर्ड' लावत नाही, 'ब्लो बाय ब्लो' लावतो, आणि पाहुणा चहा पिता पिता विचारतो की हे कोण. वेगाची अडचण अशी की तो पुढच्या पिढीतला कोणीतरी मोडतोच. तू म्हणतोस तशी क्लासमधली पोरं मोडतात. एका सुराला आकार देण्याचा विक्रम कसा मोडणार? तिथे घड्याळ लावता येत नाही. २००७मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमधलं बेकचं वादन बघ, बासवर ताल विल्केनफेल्ड आहे. तेच 'लव्हर्स', बत्तीस वर्षांनी. तोवर प्लेक्ट्रम सुटून तो नुसत्या बोटांनी वाजवायला लागला होता. चाल तीच, पण उच्चार बदललाय. तरुण गायकाची चीज त्यानेच म्हातारपणी गावी तसा.

आपल्या कानांना बेक इतका जवळचा का वाटतो याचाही थोडा माग लागतो. १९६५मध्ये यार्डबर्ड्सच्या 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी आधी सतारवादक बोलावला होता. ते जमेना, म्हणून तीच सुरावट बेकने फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं यंत्र, लावून गिटारवर वाजवली. आणि २००१च्या 'यू हॅड इट कमिंग'मध्ये त्याने ब्रिटिश-भारतीय संगीतकार नितीन सोहनीचं 'नादिया' वाजवलं. ते मुळात स्वाती नातेकर यांनी गायलेलं आहे. त्यांच्या गळ्यातल्या हरकती आणि मींड बेकने पडदे असलेल्या वाद्यावर उतरवल्यात. दोन्ही एकापाठोपाठ ऐक. 'ब्लो बाय ब्लो'च्या वेळी तो जे शोधत होता ते इथे पंचवीस वर्षांनी कुठवर पोचलं ते कळेल. २०२३च्या जानेवारीत तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेला तेव्हा मी पहिल्यांदा 'नादिया'च लावलं होतं.

आता तुझ्यासाठी महिन्याभराचा अभ्यास. सोलो उतरवून काढू नकोस. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला पडदा हे लिहिलेला कागद, तर मुळीच डाउनलोड करू नकोस. दुसऱ्या तारेवर दहाव्या पडद्यावरचा सूर वाजव आणि कानात ठेव. मग आठव्या पडद्यावरून तार ओढून तोच सूर आण, चार मात्रांत, घाई न करता. पोचलास की ट्यूनर बघ, आधी नाही. हे रोज दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात तार आधी ओढ, मग छेड. तिसऱ्या आठवड्यात नॉब बंद ठेवून. अ‍ॅम्पवर गेन (आवाज फाडणारा नॉब) जरा जास्त ठेव आणि गिटारचा नॉब निम्म्यावर. तिथे आवाज स्वच्छ मिळेल, आणि नॉब पूर्ण उघडलास की तोच आवाज ओरडेल. दोन्ही टोकं करंगळीखाली असतील, पायाखालच्या पेडलांची गरज निम्म्याने कमी होईल. चौथ्या आठवड्यात 'लव्हर्स'ची पहिली ओळ. तेवढीच. आधी ती तोंडाने गा. बेसूर गायलास तरी चालेल, पण श्वास कुठे घेतोस ते पेन्सिलने लिहून ठेव आणि गिटारवर तिथेच थांब.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आण, मागची पट्टी उघडून पॉटमध्ये फवारा मार आणि नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरव. नाहीतर कोंबडी सुटेल.